डब्यात न येणारे सासरे

माझ्या सासूबाईंना माणूस भेटला की आधी त्याची हाडं दिसतात. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी आरशासमोर वेणी घालत होते, तर त्या मागून आल्या, माझे दोन्ही खांदे धरून पुढं केले, हनुवटी वर उचलली आणि म्हणाल्या, "अशी उभी राहा. मान खाली घातलीस तर चाळिशीत धरेल." मला असा राग आला! पण नवी सून, बोलते काय? पुढं कळलं की हा मान एकट्या माझा नव्हता. त्या दूधवाल्यालाही हनुवटी वर करायला सांगायच्या.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी इस्पितळाच्या एक्स-रे खात्यात काढली. आधी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या, मग फोटो काढायलाही शिकल्या. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" हे त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलं की रस्त्यात त्यांना "श्वासबाई" म्हणून हाक मारणारे अजून भेटतात. त्यांनाही ते नाव आवडतं, फक्त तसं कबूल करत नाहीत.

मग इस्पितळात नवं यंत्र आलं. फोटो थेट पडद्यावर दिसायला लागला, अंधारी खोली अडगळीची खोली झाली आणि त्याच सुमाराला सासूबाई निवृत्त झाल्या. तारीख उलटून गेलेल्या फिल्मची खोकी कुणीतरी फेकायला काढली होती. ती त्यांनी रीतसर मागून घरी आणली. सोबत धुण्याचे ट्रे, लाल दिवा आणि फिल्म वाळत घालायच्या क्लिपा. मी म्हटलं, ठीक आहे, माळ्यावर पडून राहील. पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, त्यातली गत. काही महिने त्यांनी माझ्या स्वयंपाकघराला तुंबड्या लावल्या. डबे उंचीप्रमाणे लागले, चमचे जातीप्रमाणे वेगळे झाले, आणि मला साखर सापडेनाशी झाली. म्हणून त्यांना नवा नाद लागला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. त्या नादापायी माझी न्हाणी जाणार आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

नाद असा. रद्दीत सापडलेल्या एका मासिकात त्यांनी घरी केलेल्या कॅमेऱ्याचं चित्र पाहिलं आणि तसा एक जमवला. बिस्किटांचा मोठा गोल डबा, त्याच्या मधोमध दूध पावडरीचा लहान डबा घट्ट बसवलेला. लहान डब्याला बाहेरून फिल्मची पट्टी गुंडाळायची. मोठ्या डब्याच्या कडेला, चारी दिशांना, सुईच्या टोकाएवढी भोकं. भिंग नाही, बटण नाही, काही नाही. प्रत्येक भोकातून समोरचं जग आत शिरतं, पट्टीवर पडतं, आणि एकाची कड दुसऱ्याला चिकटून डब्याभोवतीचं सगळंच्या सगळं एका लांब पट्टीवर उमटतं. वरून भोकंही झाकतील अशी पुठ्ठ्याची उंच टोपी. ती उचलली की फोटो सुरू, परत घातली की बंद. उन्हात थोडा वेळ पुरतो, सावलीत काही मिनिटं लागतात. आमचे हे म्हणाले, "आई, फोनमध्ये हे एका सेकंदात होतं." सासूबाई म्हणाल्या, "फोनमध्ये होतं. मला करायचंय."

डब्याला आतून काळा रंग सासऱ्यांनी दिला. रंगाचं काम त्यांचंच. दुकानांच्या पाट्या रंगवून त्यांनी संसार केला, गावात त्यांना पेंटर म्हणूनच ओळखतात. औषधाचं दुकान, शिवणकामाचं, सायकलदुरुस्तीचं, शाळा, दवाखाना, चौकात उभं राहिलं तर जिकडं मान वळवावी तिकडं त्यांचं अक्षर. पट्टी न लावता सुतासारखी सरळ रेघ ओढायचे. मग छापील फ्लेक्स आले आणि अर्धं काम गेलं. उरलेलं कंपवातानं नेलं. आधी उजवा हात हलायला लागला, मग मान. एका पाटीत अक्षर डगमगलं. गिऱ्हाइकाच्या लक्षातही आलं नव्हतं, पण सासऱ्यांनी पाटी पुरी केली, ब्रश धुतले आणि परत हातात घेतले नाहीत. तेव्हापासून ते उजवा हात मांडीखाली दाबून बसतात. डबा मात्र त्यांनी हसत हसत रंगवला. म्हणाले, "आतला रंग कोण बघतंय?"

सासूबाईंनी पहिला फोटो चौकात काढला. मधल्या कट्ट्यावर स्टूल, स्टुलावर डबा, बाजूला छत्री धरून ह्या. एकानं दानपेटी समजून नाणं टाकायला भोक शोधलं. त्याला इतकं बोलल्या की बिचारा दुसऱ्या बाजूनं घरी गेला. मग घरी येऊन न्हाणीची खिडकी काळ्या कापडानं बंद, दाराखाली चादर, आत लाल दिवा, आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. फिल्मवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं येतं. ती फोटोच्या कागदावर ठेवून पुन्हा उजेड दाखवला की सुलट चित्र मिळतं. संध्याकाळी माझ्या मोज्यांशेजारी दोरीवर चौक वाळत होता.

काय सांगू, बघतच राहिले मी. सरळ रस्ते धनुष्यासारखे वाकलेले, आणि गर्दीच्या वेळी काढलेल्या फोटोत एक माणूस नाही. गाड्या नाहीत, सायकली नाहीत. सगळे डब्यासमोरून गेले होते, पण कुणी थांबलं नव्हतं. "हललं ते गेलं," सासूबाई म्हणाल्या. "हा डबा थांबलेल्याचाच." आणि थांबलेलं काय होतं? भिंती, खांब, आणि सासऱ्यांच्या पाट्या. कडेची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

सासऱ्यांनी भिंग घेतलं आणि संध्याकाळभर ती पट्टी वाचली. हा 'र' बघ कसा बसलाय, ह्या मालकानं रंग बदलायला लावला होता, ही पाटी शिडीवर चढून केली आणि खाली उतरलो तर शिडीच्या मालकानं शिडी नेलेली. कितीतरी दिवसांनी ते इतकं बोलले. मग सासूबाईंना चेवच आला. गल्लीमागून गल्ली, डबा घेऊन हिंडायच्या. जिथं अजून जुन्या पाट्या आहेत नेमक्या तिथंच जातात हे माझ्या ध्यानात आलं, तसं मी विचारलं. "पाट्या हलत नाहीत म्हणून बऱ्या," एवढंच म्हणाल्या. सासरेही अधूनमधून त्यांच्याबरोबर खाली उतरायचे, कुठं डबा ठेवावा ते दाखवायचे.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग एकदा सासूबाईंनी सासऱ्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि त्यांचाच फोटो काढला. हेतू चांगला होता, तेवढं मी मान्य करते. पण डोकं कुठं गेलं होतं? फोटो आला. खुर्चीची वीण अन् वीण मोजता येत होती. शर्ट होता. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता धुरकट डाग, आणि हात तर नव्हताच.

सासऱ्यांनी तो फोटो बराच वेळ धरला, म्हणजे डाव्या हातात. म्हणाले, "बरोबर आहे. असाच आहे मी आता. धूर." मी म्हटलं, "बाबा, फोनवर काढू या, त्यात छान येतं." तर म्हणाले, "फोनमध्ये मी थांबलेला दिसतो. ते खोटं आहे. हा डबा खोटं बोलत नाही, मीच रंगवलाय तो."

त्या दिवसापासून त्यांनी फोटो काढून घेणं बंद केलं. कुठलाच. वाढदिवसाला फोन समोर धरला की उठून आत जायचे. चौकात उतरणंही बंद झालं. "हात दाखवून अवलक्षण केलं मी," सासूबाई म्हणाल्या आणि डबा माळ्यावर टाकला. माझी न्हाणी मला परत मिळाली, पण त्याचं सुख काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर सासूबाईंचा राग आला होता आणि सासऱ्यांकडे बघवत नव्हतं. माणूस आजारी पडतो ते वेगळं. सासऱ्यांनी तर स्वतःला घरातून वजा करायला घेतलं होतं.

असेच महिने गेले आणि नणंद आली, जावईबापूंना घेऊन. जावयांना परदेशात नोकरी लागली होती. आता जायचं ते लवकर परत येणं नाही. जेवताना ती म्हणाली, "आई, तुझ्या डब्यातला सगळ्यांचा फोटो दे मला. फोनमधले आहेत ढीगभर. गच्चीवर गोल बसू या, मधे डबा ठेव."

सासूबाई ताटाकडे बघत राहिल्या. सासरे म्हणाले, "काढा की. छान होईल. मी खालीच बसतो."

आमचे हे पाण्याचा पेला भरायला लागले, तो आधीच भरलेला होता. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, स्पष्ट बोलते, रागावू नका," मी म्हटलं. "आम्ही पाच जण वर दात काढून बसणार आणि तुम्ही खाली पंख्याकडे बघत बसणार. तो फोटो ताई तिकडं नेऊन कुणाला दाखवणार? आणि माझ्या घरात तर तो लागणार नाही. धूर तर धूर, तुमच्या खुर्चीवरचा धूर पाहिजे मला."

सासरे सासूबाईंकडे वळले. "तोंड फार चालतं हिचं."

"चालतं," सासूबाई म्हणाल्या. "पण बोलते ते खरं असतं."

इतक्या वर्षांत त्यांच्याकडून मिळालेली ही पहिली शाबासकी. सासऱ्यांनी थोडा वेळ भात चिवडला. मग म्हणाले, "बसतो. पण मी येणार नाही फोटोत, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कुणी तोंडं पाडायची नाहीत."

जेवणं झाल्यावर गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली खुर्च्या गोल मांडल्या. मधे स्टूल, स्टुलावर टोपी घातलेला डबा. सासऱ्यांना उंच पाठीची, हातांची खुर्ची दिली. त्यांच्या बरोबर समोर सासूबाईंची. एका बाजूला लेक-जावई, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. जावईबापू बँकेतले, शिस्तीचे गृहस्थ. सासूबाईंनी त्यांचं चकचकीत घड्याळ काढायला लावलं, ते त्यांनी निमूटपणे काढलं, मग सासूबाईंनी खिशातल्या किल्ल्याही मागून घेतल्या. "किल्ल्या कशाला?" नणंदेनं विचारलं. सासूबाईही गडबडल्या. एक्स-रेआधी धातूचं सगळं काढायला लावायची इस्पितळातली सवय. मग एकेकाची हनुवटी वर झाली, खांदे पुढं झाले. सासऱ्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही. वारा छान होता, सासऱ्यांची दुपारची गोळी घेऊन झाली होती, आणि ते तोंड थोडं बाजूला करून बसले होते. शिक्षा भोगायला बसावं तसे.

"आता सावलीत आहोत, वेळ लागेल," सासूबाई म्हणाल्या. "कुणी हलायचं नाही." त्यांनी दोन्ही हातांनी टोपी उचलली आणि सगळी वर्षं जे म्हणत आल्या तेच तोंडातून निघालं. "श्वास घ्या. रोखून धरा." आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

आता एक्स-रेला लागतो क्षणभर. इथं मिनिटांचा हिशेब. पण बाईंचा आवाजच असा की आम्ही सगळ्यांनी श्वास घेतला आणि धरला. त्यांना स्वतःला पत्ताच नाही. आपण काय सांगून बसलोय हे विसरून त्या शांतपणे नाकानं श्वास घेत होत्या आणि मनातल्या मनात वेळ मोजत होत्या. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते तर जावईबापू गुलाबी झालेले. मग लाल. मग वांगी रंगाचे. नणंदेचे गाल फुगलेले. सोडावा तर फिल्म वाया, न सोडावा तर आपण. शेवटी आमच्या ह्यांच्या नाकातून कुकरची शिट्टी निघाली, आणि मग बांधच फुटला. जावई खोकायला लागले, नणंद त्यांच्या पाठीवर थापट्या मारत हसायला लागली, मी खुर्चीतून खाली यायचीच राहिले.

"गेली फिल्म," जावई धापा टाकत म्हणाले. "आई, टोपी घाला."

सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं. आमच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. डब्याच्या वरून त्यांची नजर समोर लागली होती. आम्ही सगळ्यांनी तिकडं माना वळवल्या.

सासऱ्यांना झोप लागली होती. आमचा एवढा गोंधळ झाला, पण ते जागे झाले नव्हते. डोकं खुर्चीच्या पाठीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. उजवा हात मांडीखालून निघून खुर्चीच्या हातावर आला होता. आणि तो हात थांबला होता. एक बोट हलत नव्हतं. मान हलत नव्हती. ते दुपारी आपल्या खोलीत दार लोटून झोपायचे, रात्री तर प्रश्नच नाही, त्यामुळं मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं. मला हुंदका आला, लपवला नाही.

नणंद दबक्या पावलांनी उठली आणि त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिली, मग परत आली. आमचे हे चष्मा पुसायला लागले. जावई पुढं वाकून बघत होते. सासूबाई तेवढ्या बसून होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. डबा उघडाच. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पत्र्याची सावली सरकून माझ्या पायावर ऊन आलं, तेव्हा कुठं त्या उठल्या आणि टोपी घातली.

पुठ्ठ्याच्या आवाजानं सासरे जागे झाले. हात लगेच हलायला लागला, त्यांनी तो मांडीखाली घेतला. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

"मी आलो नसेनच," ते म्हणाले आणि खाली गेले.

ह्या वेळी न्हाणीत सासूबाईंनी मला बरोबर घेतलं. ही फिल्म फार नाजूक, दोन्ही बाजूंनी उजेड टिपणारा मसाला, नख लागलं तरी ओरखडा उठतो. सासूबाई पट्टीची दोन टोकं धरून ती ट्रेमध्ये खालीवर करत होत्या. लाल उजेडात हळूहळू काळं चढायला लागलं. मला त्या उलट्या चित्रातलं काही कळेना. त्यांना कळलं. त्या पट्टीतली एक जागा बघत होत्या.

"रोज बघते मी हा हात असा," त्या म्हणाल्या. "झोप लागली की थांबतो. ह्यांनाच तेवढा कधी दिसला नाही. कसा दिसणार?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. म्हणाले, माझं मन राखायला बोलतेस." त्यांनी पट्टी दुसऱ्या ट्रेमध्ये घातली. "आणि आता बघून चिडले तर? झोपलेल्या माणसाचा फोटो काढला म्हणून?"

सासूबाई कशाला घाबरतात हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "चिडले तर मी बोलेन त्यांच्याशी." "तू नको," त्या घाईनं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद वाळला. सासूबाईंनी तो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि सासऱ्यांना हाक मारली. आम्ही सगळे आपापलं काम असल्यासारखे त्याच खोलीत होतो.

सासरे भिंग घेऊन एका टोकापासून सुरू झाले. "हे कोण? जावईबापू? तीन नाकं आली आहेत ह्यांना." मग आमच्या ह्यांच्यावर आले. दोन भोकांच्या बरोबर मधे बसल्यामुळं ह्यांची दोन डोकी आली होती, आणि दोन्ही पुसट. "एक तरी धड यायचं." नणंद म्हणजे खुर्ची आणि तिच्यामागं थोडं धुकं. सासूबाईंचा मांडीवरचा पदर स्पष्ट, चेहरा नाही. "आणि सूनबाई तर गेलीच. नुसते गुडघे राहिलेत. काय करत होता काय तुम्ही सगळे?"

"हललो," मी म्हटलं.

भिंग पुढं सरकलं आणि थांबलं.

उंच पाठीच्या खुर्चीत एक म्हातारा माणूस झोपला होता. कपाळावरच्या आठ्या, दाढीचे खुंट, शर्टाचं वरचं तुटकं बटण, सगळं जिथल्या तिथं. अख्ख्या पट्टीत तेवढा एकच माणूस होता.

"मी झोपलो होतो," सासरे म्हणाले.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "रागावलात?"

त्यांनी भिंग हाताशी नेलं. खुर्चीच्या हातावर पाचही बोटं सुटी सुटी पडली होती. नखं दिसत होती, ब्रश धरून धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा दिसत होता. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग पट्टी उचलायला त्यांनी नकळत उजवा हात मांडीखालून काढला. कागद थरथरायला लागला, वाटी खाली पडली. सासूबाईंनी दुसरं टोक धरलं.

"खरंच थांबतो?"

"रोज."

"तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

त्यांनी हात परत मांडीखाली घातला नाही. टेबलावर तसाच राहू दिला, हलता. खोलीत सगळ्यांदेखत. नणंद आत चहा ठेवायला गेली, म्हणजे रडायला गेली.

"उद्या डबा चौकात ने," सासरे म्हणाले. "आणि ही खुर्ची घे बरोबर. मी बसतो."

"तिथं गाड्यांच्या आवाजात तुम्हाला झोप लागणार आहे का?"

"नाही लागली तर धूर येईल," सासरे म्हणाले. "येऊ दे. माझ्या पाट्यांखाली बसव मला."